लेकीला उडायला शिकवायचंय, विमान कोणतं निवडू?

पत्र :

"उद्यमनगरात आमचं छोटं मशीन शॉप आहे. मुलगी १९ वर्षांची. बारावीला फिजिक्स-मॅथ्स होतं, आता कमर्शिअल पायलट व्हायचंच म्हणते. घरातून विरोध नाही. तीन ठिकाणी चौकशी केली. एकीकडे सेस्ना १५२ आहेत, तासाचा दर कमी, पण विमानं फार जुनी. दुसरीकडे सेस्ना १७२. तिसरीकडे डायमंड डीए-४०, आत सगळे स्क्रीन, दर सगळ्यात जास्त. मुलीची उंची पाच फूट एक इंच, वजन ४८ किलो, तेवढ्यानं काही अडेल का? माझा मेव्हणा म्हणतो, चौघांत मिळून एक जुनं १५२ विकत घेऊ, उजळाईवाडीच्या विमानतळावर ठेवू, पोरगी घरचं खाऊन शिकेल. आयुष्यात पन्नासेक मशिनं घेतली, पण हे मशीन कसं पारखायचं ते कळत नाही."
– स. पा., कोल्हापूर

उत्तर :

स. पा. साहेब,

तुमच्या पत्रातलं शेवटचं वाक्य तेवढं मला पटलं नाही. पन्नास मशिनं घेतलेल्या माणसाला विमानही पारखता येतं. नवीन व्हीएमसी, म्हणजे कॉम्प्युटरवर चालणारं मिलिंग मशीन, घेताना तुम्ही काय करता? कॅटलॉग एक संध्याकाळ चाळता आणि दुसऱ्या दिवशी शिरोलीत, गोकुळ शिरगावात ज्यांच्याकडे ते मशीन आधीपासून आहे त्यांना फोन लावता. बंद पडलं तर इंजिनिअर किती दिवसांत येतो? स्पेअर कुठून येतं? महिन्यात किती दिवस चालतं? विमानाच्या बाबतीतही हेच तीन प्रश्न आधी विचारायचे. मॉडेल नंतर.

मी पंचवीस वर्षं प्रशिक्षक म्हणून उजव्या सीटवर बसलो. १५२वर शिकवलं, १७२वर शिकवलं, शेवटची काही वर्षं डीए-४०वरही. तिन्हींवर शिकलेली मुलं आज एअरलाइनमध्ये आहेत. त्यांना एअरबस किंवा बोइंग उडवायच्या आधी त्या विमानाचं टाइप रेटिंग, म्हणजे त्या एका प्रकारापुरतं प्रशिक्षण, वेगळं करावंच लागलं. त्यामुळे 'या विमानावर शिकलं तरच पुढे नोकरी' असं कुणी सांगत असेल, तर तिकडे कानाडोळा करा. फरक पडलेला मी पाहिला तो दुसऱ्याच गोष्टीनं. ज्यांचं विमान रोज उडत होतं ती मुलं वेळेत घरी आली. ज्यांचं हँगरमध्ये उभं होतं त्यांची वर्षं गेली, कर्जाचे हप्ते सुरू झाले आणि काहींची जिद्दही संपली. हे मी डोळ्यांनी बघितलंय, म्हणून इतक्या कळकळीनं लिहितोय.

हिशोब करून बघा. कमर्शिअल लायसन्सला २०० तास लागतात. आठवड्याला पाच तास उडायला मिळालं तर ४० आठवडे. तीन तास मिळाले तर ६७ आठवडे. दोनच मिळाले तर १०० आठवडे, म्हणजे जवळपास दोन वर्षं, आणि त्यात पावसाळा व परीक्षांच्या सुट्ट्या धरलेल्या नाहीत. एवढ्यावरही भागत नाही. लँडिंग ही हातात बसायची गोष्ट आहे. शेवटच्या वीस फुटांत नाक किती आणि केव्हा उचलायचं, हे डोळा आणि हात मिळून शिकतात. पंधरा दिवसांचा खंड पडला की पुढच्या सॉर्टीतली, म्हणजे उड्डाणातली, पहिली तीन लँडिंग जुनी जागा शोधण्यातच जातात. त्या तासांचे पैसे तुम्ही देता, पण मुलगी पुढे सरकत नाही. तासाचा दर कमी असलेली शाळा अशी महाग पडते. होस्टेल, मेस आणि बँकेचं व्याज तर चालूच असतं.

म्हणून तिन्ही ठिकाणी स्वतः जा, मुलीला घेऊन, आणि सकाळी सहाला पोचा. ऑफिसात चहा घेत बसू नका, फ्लाइट लाइनवर न्यायला सांगा. कागदावर विमानं किती, हे माहितीपत्रकात लिहिलेलंच असतं. तुम्ही मोजायची ती त्या सकाळी इंजिन सुरू झालेली. हँगरमध्ये काऊलिंग, म्हणजे इंजिनावरचं झाकण, काढून ठेवलेली, प्रोपेलर नसलेली, टायरखाली धूळ साचलेली विमानं वेगळी मोजा. मग उडणाऱ्या विमानांच्या संख्येनं विद्यार्थ्यांच्या संख्येला भागा. जो आकडा येईल तो पोरीच्या कामाचा. मग मेसमध्ये बसून शेवटच्या टप्प्यातल्या दोन-तीन मुलांना विचारा, 'गेल्या महिन्यात किती तास झाले?' मुलं खोटं बोलत नाहीत. त्याच मुलांना प्रशिक्षक किती वेळा बदलले तेही विचारा. चार महिन्यांत तीन प्रशिक्षक झाले असतील, तर प्रत्येक जण पोरीला पहिल्यापासून तपासणार. त्या तपासणीचं बिलही तुम्हालाच.

देखभालीचं तुम्हाला मी काय सांगणार, पण कुठे बघायचं ते सांगतो. या विमानांना दर ५० आणि १०० तासांनी तपासणी असते. ती तिथल्याच हँगरमध्ये होते, की विमान दुसऱ्या गावी न्यावं लागतं? लायसन्सधारक एएमई, म्हणजे विमान देखभालीचे इंजिनिअर, पूर्णवेळ आहेत, की आठवड्यातून एकदा येतात? इंजिनाचं लॉगबुक दाखवायला सांगा. १५२मधल्या लायकमिंग ओ-२३५ इंजिनाची ओव्हरहॉलची मर्यादा साधारण २४०० तास, नव्या १७२मधल्या आयओ-३६०ची २०००. एका विमानाचे १९५० तास भरले असतील आणि बदली इंजिनाची ऑर्डरच गेली नसेल, तर तुमच्या लेकीच्या ऐन क्रॉस-कंट्रीच्या, म्हणजे लांबच्या उड्डाणांच्या, दिवसांत ते विमान उभं राहणार. कॉम्प्रेशनचे आकडे बघा. ते ८०च्या मापानं लिहिलेले असतात, ७२/८० असे. चारही सिलिंडर जवळपास सारखे असतील तर बरं. एकच खाली उतरत चालला असेल तर का, ते विचारा. तेलाचा फिल्टर कापून आत धातूचे कण बघतात का, तेही विचारा. हे प्रश्न एका वर्कशॉपवाल्यानं विचारलेले बघून चांगला एएमई खूश होतो आणि स्वतःहून सगळं दाखवतो. दाखवायला कां-कूं झाली तर समजून जा.

आणखी एक. स्नॅग रजिस्टर, म्हणजे वैमानिकांनी नोंदवलेल्या बिघाडांची वही. तिच्यात भरपूर नोंदी दिसल्या तर घाबरू नका. रेडिओ खरखरतो, उजवा ब्रेक मऊ लागतो, नोज व्हील थरथरतं अशा बारीक नोंदी आणि समोर दुरुस्तीची सही, हे निरोगी शाळेचं लक्षण. ज्या वहीत महिनोन्महिने एकही स्नॅग नाही, तिथं मुलं लिहायला घाबरतात असं मी समजतो. डीजीसीए, म्हणजे केंद्राचं नागरी विमान वाहतूक महासंचालनालयही, ऑक्टोबर २०२५पासून दर सहा महिन्यांनी उड्डाण शाळांची क्रमवारी जाहीर करू लागली आहे. ती बघाच, पण सकाळी सहाची फेरी चुकवू नका.

आता विमानांकडे वळू.

सेस्ना १५२चं उत्पादन १९८५ सालीच थांबलं. म्हणजे सगळ्यात तरुण १५२सुद्धा आज चाळिशीची आहे. वयाला भिऊ नका. तुमच्या शॉपमधलं जुनं लेथ अजून मायक्रॉनमध्ये काम देत असेलच. या विमानात लपवायला काही नाही. दोन सीट, ११० अश्वशक्ती, वरचा पंख, टाक्या पंखात असल्यानं पेट्रोल वजनानंच खाली उतरतं. तासाला २०-२३ लिटर पितं. रडर, म्हणजे शेपटीचं उभं सुकाणू, कमी दिला की लगेच कळतं, वेग सुटला की कळतं, वारा आडवा आला की तर फारच कळतं. शिकणाऱ्याच्या चुका हे विमान झाकून घेत नाही आणि सहसा त्यांची मोठी शिक्षाही करत नाही. पहिल्या पन्नास तासांना मला आजही हेच सगळ्यात आवडतं.

त्याची अडचण आहे ती वजनाची आणि उन्हाची. जास्तीत जास्त उड्डाण वजन ७५७ किलो. जुन्या १५२चं रिकामं वजन ५२० किलो धरलं तर उरतात २३७. त्यात दोन माणसं, बॅग आणि इंधन. तालमीत घुमलेला ९५ किलोचा पोरगा आणि तेवढाच प्रशिक्षक असेल तर टाकी पुरी भरता येत नाही. तुमच्या लेकीला ४८ किलोचा इथं फायदाच आहे. मात्र एक गोष्ट तिला आधीच सांगून ठेवा. पहिल्या सोलोला प्रशिक्षक उतरला की विमान एकदम ८० किलोंनी हलकं होतं. नेहमीपेक्षा लवकर उठतं, उतरताना जमिनीलगत जास्त तरंगतं. हे माहीत असलं की त्या दिवशी दचकायला होत नाही.

उन्हाचं म्हणाल तर उजळाईवाडीचंच उदाहरण घ्या. धावपट्टी समुद्रसपाटीपासून सुमारे २००० फुटांवर. या उंचीला प्रमाण तापमान ११ अंश धरतात. एप्रिलच्या दुपारी ३८ झालं की फरक २७ अंशांचा. एका अंशाला १२० फूट या ठोकताळ्यानं विमानाला वाटतं, आपण ५२०० फुटांवर उभे आहोत. हवा विरळ, इंजिनाचा दम कमी, पंखाची उचल कमी. पुस्तकात समुद्रसपाटीला मिनिटाला ७१५ फूट चढणारं १५२ तिथं नव्या स्थितीतही पाचशेच्या आसपास येतं, जुनं त्याहून कमी. म्हणून पठारावरच्या चांगल्या शाळा उन्हाळ्यात पहाटे सुरू करतात आणि दुपारी विमानं झाकतात. दुपारी दोनला भर उन्हात दोन वजनदार माणसांना घेऊन सर्किट, म्हणजे धावपट्टीभोवतीच्या फेऱ्या, मारणारं १५२ दिसलं, तर तिथल्या मुख्य प्रशिक्षकांना मोकळेपणानं विचारा की उन्हाळ्यात वजनाची मर्यादा काय ठेवता.

पावसाळ्यातही १५२ एक धडा देतं, आणि आपल्या भागातल्या मुलांनी तो शिकायलाच हवा. कार्ब्युरेटरच्या गळ्यात हवा पसरते, पेट्रोलची वाफ होते आणि तिथलं तापमान वीस अंशांहूनही जास्त उतरू शकतं. आपली जुलैची हवा तेवीस-चोवीस अंशांची आणि पाण्यानं भरलेली. म्हणजे बाहेर चिखल आणि कार्ब्युरेटरात बर्फ! कोल्हापूरच्या माणसाला हे सांगितलं की तो हसतो. पण लँडिंगसाठी पॉवर कमी करून उतरताना आरपीएम आपोआप घसरू लागले, तर कार्ब हीटचा नॉब लगेच ओढावा लागतो. इंजेक्शनच्या १७२मध्ये आणि डीए-४०मध्ये हा नॉब नाही.

सेस्ना १७२ हे त्याच घरातलं थोरलं भावंड. चार सीट, नव्या एस मॉडेलला १८० अश्वशक्ती, वजनाला ऐसपैस, वाऱ्यात स्थिर. जगात ४४ हजारांहून जास्त बनलीत, सुटे भाग मिळतात, दुरुस्ती सगळ्यांना येते. इंधन तासाला ३५ लिटरच्या आसपास, म्हणून दर जास्त. उन्हात एकदा बंद केलेलं गरम इंजिन पुन्हा सुरू करताना इंजेक्शनचं १७२ छळतं, नळीतच पेट्रोलची वाफ होते. त्याची रीत आहे, आठवडाभरात हाताला बसते. तुमच्या लेकीच्या दृष्टीनं मोठी गोष्ट म्हणजे १७२ एसची पुढची सीट वरखालीही होते. पाच फूट एक इंचाला पॅनेलवरून क्षितिज नीट दिसणं, हे लँडिंग शिकण्यासाठी फीइतकंच महत्त्वाचं.

डीए-४०चा रंगच वेगळा. ऑस्ट्रियाचं डिझाइन, फायबरचं अंग, खालचा लांब पंख, हातात योक, म्हणजे सेस्नासारखं स्टिअरिंग, नाही तर दांडा. त्यात सीट साधारणपणे जागेवरच बसवलेली असते आणि पेडल पुढेमागे होतात. तेव्हा लेकीला उशी लागेल का, ते तिथंच बसवून बघा. नोज व्हील मोकळं फिरतं, जमिनीवर वळायचं ते ब्रेकच्या जोरावर. पहिले दोन दिवस सगळे साप काढल्यासारखे टॅक्सी करतात. लांब पंखामुळे वेग जरा जास्त राहिला तरी उतरताना तरंगत पुढे जातं, त्यानं वेग सांभाळायची शिस्त लागते. बुडबुड्यासारख्या काचेतून दिसतं सुरेख, पण एप्रिलमध्ये जमिनीवर थांबलात की आत भट्टी. पाण्याची बाटली आणि टोपी हवीच.

डीए-४० म्हणजे नेमकं कोणतं, तेही विचारा. काहींत पेट्रोलवरचं लायकमिंग असतं. एनजी मॉडेलमध्ये १६८ अश्वशक्तीचं डिझेल तत्त्वाचं इंजिन असतं आणि ते जेट ए-१वर चालतं, म्हणजे उजळाईवाडीला येणाऱ्या प्रवासी विमानांचंच इंधन. ठिणगी देणारं मॅग्नेटो नाही, हवा-पेट्रोलचं प्रमाण ठरवणारा मिक्श्चरचा नॉब नाही, एकच लिव्हर, बाकीचं कॉम्प्युटर बघतो. इंधन कमी लागतं आणि जेट इंधन मोठ्या विमानतळांवर असतंच. पेट्रोलवाल्या विमानांना लागणारं एव्हगॅस १०० एलएल आपण कित्येक वर्षं बाहेरून आणत होतो. २०२२ साली इंडियन ऑइलनं ते गुजरातमध्ये बनवायला घेतलं. तरी त्यावर चालणाऱ्या शाळेला विचाराच, गेल्या वर्षात इंधनासाठी विमानं किती दिवस उभी राहिली?

स्क्रीनबद्दल माझं मत जरा जुन्या वळणाचं आहे, पण शिकवून झालेलं आहे. पहिल्या चाळीस तासांत डोळे बाहेर हवेत. क्षितिजाशी नाक कुठं आहे यावरून विमान सरळ ठेवता आलं पाहिजे. मोठे रंगीत पडदे समोर असले की मुलांची नजर आत अडकते, आणि मग प्रशिक्षकाला पडदा झाकून शिकवावं लागतं. मी कागद चिकटवून शिकवलंय. पुढे इन्स्ट्रुमेंट फ्लाइंगला, म्हणजे बाहेर न बघता उपकरणांवरून उडवायला, मात्र स्क्रीनची सवय खरोखर कामाची, एअरलाइनमध्ये तेच असतं. एकाच शाळेत दोन्ही प्रकारची विमानं असतील तर सुरुवात साध्या काट्यांच्या डायलवर आणि पुढचा भाग स्क्रीनवर, ही मला सगळ्यात आवडणारी वाट. विमान बदललं की ओळख व्हायला काही तास जातात, ते धरून चाला.

तर माझा कौल असा. तिन्ही ठिकाणी विमानं सारखीच नियमित उडत असतील, तर १७२ची शाळा घ्या. उंचीचा प्रश्न तिथं सहज सुटतो आणि पहिल्या सॉर्टीपासून शेवटच्या परीक्षेपर्यंत एकच विमान पुरतं. पण १५२वाल्यांची आठपैकी सात उडताना दिसली आणि १७२वाल्यांची पाचपैकी दोन, तर एक दिवसही विचार न करता १५२ घ्या, सोबत जाड उशी. डीए-४०लाही हाच न्याय.

तुमच्या मेव्हण्यांना माझा नमस्कार सांगा. राजाराम महाराजांनी १९३९ साली कोल्हापूरला विमानतळ दिला. त्या मैदानावर आपल्या गावची पोरगी शिकावी ही इच्छा माझीही आहे. पण विमान घरचं असलं म्हणून शिकवणं घरचं होत नाही. लायसन्ससाठीचं प्रशिक्षण डीजीसीएची मान्यता असलेल्या संस्थेतच घ्यावं लागतं. शिवाय हँगर, विमा, दरवर्षी उड्डाणयोग्यतेचं नूतनीकरण, एएमईचा पगार, एव्हगॅसचे ड्रम. आणि विमान एकच. त्याचं मॅग्नेटो दुरुस्तीला गेलं की पोरगी महिनाभर घरी बसणार. शाळेत एक उभं राहिलं तर दुसरं मिळतं. हौसेला विमान घ्यायचं असेल तर लेकीला लायसन्स मिळाल्यावर जरूर घ्या, तेव्हा ती स्वतःच चांगलं पारखेल.

फी भरण्याआधी मेडिकल करून घ्या. आधी क्लास २, मग क्लास १, कारण कमर्शिअलला क्लास १ लागतंच. रंगदृष्टी, कान, हृदय सगळं बघतात. विमान निवडलं, पैसे भरले आणि मेडिकलला अडकलं, असं माझ्यासमोर दोन घरांत झालंय. त्या आई-वडिलांचे चेहरे अजून आठवतात.

शेवटचं तुमच्या लेकीसाठी, तिला वाचून दाखवा.

बाळ, तुझी उंची कमी, म्हणून सेस्नात तू सीट अगदी पुढे घेणार. ती सीट रुळांवर सरकते आणि एका पिनेनं भोकात अडकते. मी विद्यार्थी असताना एकदा पूर्ण पॉवर देऊन धावपट्टीवर पळत होतो. पीन अर्धवट बसलेली होती आणि सीट मला घेऊन मागे घसरली. पाय पेडलवरून सुटले. माणूस मागे पडताना हातात असेल ते ओढतो, मी योक ओढला. नाक आभाळाकडे गेलं. शेजारी प्रशिक्षक होते, त्यांनी विमान हातात घेतलं आणि पॉवर कमी करून ते धावपट्टीवरच उतरवलं. म्हणून सीट पुढे घेतलीस की दोन्ही पाय फळीला टेकवून सगळ्या अंगानिशी मागे रेटून बघायचं, 'खट्' आवाज आला तरीही. इंजिन सुरू करायच्या आधी एकदा आणि धावपट्टीवर रांगेत उभी राहिलीस की पुन्हा एकदा. आणि तरीही कधी सरकलीच, तर योक सोडायचा आणि हात थ्रॉटलवर, म्हणजे पॉवरच्या नॉबवर, न्यायचा.